खंडेनवमीला बंद केलेला डबा

मी नोकरीत नेमकं काय करते, हे माझ्या सासूबाईंना अठरा वर्षांत कळलेलं नाही, आणि कळून घेण्याची घाईही त्यांनी कधी केलेली नाही. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत कुणी विचारलं, की त्या सरळ सांगतात, "कंपनीत कपाटं सांभाळते." पूर्वी मला राग यायचा. इंजिनिअरिंगची पदवी, वर दोन कठीण परीक्षा, आणि शेवटी काय, तर कपाटं! आता येत नाही. इतक्या कमी शब्दांत माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन माझ्या साहेबांनाही जमलेलं नाही.

आमची कंपनी पंप बनवते. कारखाना नगर रस्त्याला, वाघोलीच्या जरा अलीकडे. म्हणजे रोज सकाळी मी पुण्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निघते, आणि एवढ्या वेळात माणूस लोणावळ्याला जाऊन चहा पिऊन आला असता, असं दर सोमवारी न चुकता म्हणते. कारखान्यातली ड्रॉइंग, तपासणीचे अहवाल, कॅमेऱ्यांचं चित्रण, साहेब लोकांच्या वाढदिवसाचे फोटो, सगळं शेवटी माझ्या ताब्यात येतं. सर्व्हर रूम नावाच्या एका थंडगार खोलीत दोन मोठे डबे आहेत आणि त्यांत डिस्कच्या रांगा. जुन्या डब्याला आम्ही थोरला म्हणतो, नव्याला धाकटा.

आता कुणाची फाइल कुठल्या डब्यात आहे, हे लोकांना कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही. मध्ये एक सॉफ्टवेअर बसलेलं असतं, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बाईसारखं. बाहेरून कुणी साखर मागितली, की ती साखर देते. साखर वरच्या फळीवर होती की खालच्या, हे मागणाऱ्याने विचारायचं नाही. एक डबा भरला की ती गुपचूप दुसऱ्यात ओतते, आणि चहा पिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. यालाच आमच्या धंद्यात स्टोरेज व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. एवढंच सांगायला विकणारे लोक पाऊण दिवस स्लाइड दाखवतात आणि वर जेवायला घालतात.

याच बाईच्या जिवावर मी प्रत्येक विभागाला "तुम्हाला भरपूर जागा दिली आहे" असं ठणकावून सांगते. सगळ्यांनी एकदम मागितली, तर माझी पंचाईत होईल. पण लग्नाच्या पाचशे पत्रिका वाटल्या म्हणून पाचशे माणसं एकाच पंगतीला बसत नाहीत. हे धाडस मी बिनदिक्कत करत आले, कारण मला एका गोष्टीचा गर्व होता. माझ्या हातून कधीही, कुणाचीही, एकही फाइल हरवलेली नव्हती.

हा गर्व उतरवला तो मामांनी. म्हणजे त्यांनी काही केलं नाही. जे केलं ते मीच केलं.

मामा आमच्याकडे मेंटेनन्सचे फोरमन होते. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा, साहेबसुद्धा. मूळचे वाघोलीचेच, शेतकऱ्याच्या घरातले. भावकीच्या वावरांत आता बारा-चौदा मजली इमारती उभ्या आहेत, भाऊबंद बिल्डरबरोबर उठबस करतात. मामा मात्र जुन्या गावठाणातल्या घरातून सायकलने कामावर यायचे. "गाडी का घेत नाही, मामा?" असं विचारलं, की म्हणायचे, "सायकलीचं काय बिघडलं त्ये मला वरनं ऐकू येतं. गाडीचं कोण ऐकणार?"

आवाज ही त्यांची खासियत. मशीन कुरकुरायला लागलं, की लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते त्याच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि आजार सांगायचे. सकाळच्या चहाला त्यांच्या टेबलाशी दोघं-तिघं ऑपरेटर ठरलेले. "मामा, तीन नंबरचं मशीन कण्हतंय." "कण्हतंय का शिट्टी मारतंय? नीट आइक आन् मग ये." अशी त्यांची ओपीडी चालायची.

मामा वर्षभरात निवृत्त होणार, हे लक्षात आल्यावर वरच्या लोकांची धावपळ झाली. एवढं ज्ञान माणसाबरोबर घरी जाणार! मग ठरलं, की मामांना कॅमेऱ्यासमोर बसवायचं आणि एकेका मशीनचं दुखणं त्यांच्या तोंडून टिपून ठेवायचं. तो व्हिडिओ नव्या ऑपरेटरांनी हवा तेव्हा बघायचा. शॉपवर, म्हणजे मशीनं चालतात त्या भागात, त्यासाठी एक स्वतंत्र कॉम्प्युटरही मांडला गेला.

मामा एका अटीवर तयार झाले. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, मी बोलतो. पर ठेवणार कुठं, त्ये दावा."

मी उत्साहाने त्यांना स्वयंपाकघरातली बाई सांगितली. साखर सांगितली. मामांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजी नक्की कुठं हाय, त्ये तुमालाबी ठावं नसतं?"

"मामा, माहीत असायची गरजच नाही. तीच तर गंमत आहे."

"ज्येला जागा न्हाय, त्ये हरवतं," मामा म्हणाले. "माज्याकडं पाना घेतला की त्येच्या खुंटीला लावायचा. खुंटी न्हाय, पाना न्हाय."

मी वाद घालायला हवा होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला असं काही दिसलं, की वाद घालवेना. या माणसाने चौतीस वर्षं ऐकलेलं सगळं तो मला द्यायला आला होता, आणि मी त्याला पत्तासुद्धा सांगत नव्हते. मग मी एक प्रेमळ मूर्खपणा केला. थोरल्या डब्यातला खालून दुसरा खण मी मामांच्या नावाने बाजूला काढला. त्यात बारा डिस्क. सॉफ्टवेअरला बजावलं, की इथलं काहीही, कधीही, कुठेही हलवायचं नाही. आणि मामांना आत नेऊन दाखवलं, "हे बघा. हे बारा दिवे तुमचे."

मामा वाकले. लुकलुकणारे दिवे त्यांनी बोटाने मोजले. "बारा," ते समाधानाने म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलायला बसले. चाळीसेक व्हिडिओ झाले. पहिला आला तेव्हा आवाज नीट आहे की नाही, हे मी थोडंसं ऐकून पाहिलं. बाकीचे नुसते जागेवर ठेवत गेले. माझं काम ठेवण्याचं.

वर्ष गेलं. थोरला डबा फारच म्हातारा झाला. त्याची दुरुस्तीची हमी संपली होती, आणि विजेचं बिल बघून साहेबांची झोप उडायची. त्याच्यातलं सगळं धाकट्यात ओतायचं ठरलं. लोक काम करत राहिले आणि मागच्या मागे सॉफ्टवेअर एकेक गोष्ट हलवत राहिलं. महिनाभराने पडद्यावर आलं, शंभर टक्के पूर्ण. नवरात्र चालू होतं. मी सगळ्यांना पेढे दिले.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळी मशीनं बंद असतात. सकाळी पुसून लख्ख करायची, कुंकवाने स्वस्तिक काढायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. वर्षभर राबलं, एक दिवस त्याचा. फक्त माझ्या खोलीला सूट असायची. यावरून मामांचं आणि माझं दर वर्षी ठरलेलं भांडण. "त्या डब्यांनी काय पाप केलंय?" मामा विचारायचे. "पाप नाही मामा, ते झोपले तर कंपनी झोपेल," मी म्हणायची. मग मामा दाराबाहेरूनच फुलं वाहायचे आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "तुला मालकीण कडक मिळाली, बाबा."

यंदाची मामांची शेवटची खंडेनवमी. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि थोरला डबा तर रिकामा झालेला. मला एकदम भरून आलं. मी स्वतः शॉपवर गेले आणि म्हणाले, "मामा, या वर्षी थोरल्याला तुमच्या हाताने विश्रांती द्या."

मामा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. चपला बाहेर काढल्या. उदबत्तीला मी हात जोडून मनाई केली, नाहीतर धुराने आग विझवणारी यंत्रणा कामाला लागली असती. उदबत्ती त्यांनी दाराबाहेर लावली. थोरल्याला हळद-कुंकू वाहिलं, माळ घातली. मी दाखवलेलं बटण त्यांनी दाबून धरलं. पंख्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. सात वर्षं त्या खोलीत तो आवाज अखंड होता, तो थांबल्यावर कानाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मामांनी डब्यावर थोपटलं आणि नमस्कार केला. मीही केला. फोटो काढले.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मी थोरल्याचं नाव यादीतून काढायला बसले. सॉफ्टवेअर म्हणालं, काढता येणार नाही, या डब्यात अजून एक गोष्ट आहे.

मला वाटलं, याचंच काहीतरी चुकतंय. मग ती गोष्ट कुठली ते वाचलं. मामांचा खण. तो हलवायचा नाही, असं मीच बजावलं होतं. म्हणून त्याने हलवला नाही. हलवण्यासारखं जेवढं होतं तेवढ्याचे शंभर टक्के त्याने इमानदारीत पूर्ण केले होते. बॅकअप? त्याचीही यादी त्याच सॉफ्टवेअरवरून बनते, आणि कुठेही न्यायचं नाही म्हटल्यामुळे हा खण त्यातही नव्हता. डबा बंद केल्यावर इशाऱ्याची ईमेल आलेली होती. पण डबा बंद केला की अशा शंभर ईमेल येतात. मी त्या न वाचताच पुसल्या होत्या.

त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की कुणाचा फोन आला नव्हता. एरवी आमच्याकडे काही पाच मिनिटं बंद पडलं, की माझा फोन गरम होतो. या वेळी चार दिवसांत एकही नाही. कुणाला कळायच्या आत निस्तरू, म्हणून मी दार लावून घेतलं आणि थोरल्याचं बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवे लागले. मामांच्या खणात बारापैकी नऊ.

इतकी वर्षं न थांबता फिरलेली डिस्क एकदा थांबली, की तिला पुन्हा उठणं जड जातं. दर वर्षीच्या माझ्या भांडणामागे हीही भीती होती. बारांपैकी दोन गेल्या, तरी उरलेल्या दहांच्या जोरावर सगळं परत मिळतं, अशी त्यांची रचना असते. तीन गेल्या की काही मिळत नाही. मला एक डिस्क हवी होती, फक्त एक. डबा विकणाऱ्यांना फोन केला, तर तिकडून एक गोड आवाज म्हणाला, की हमी संपली आहे. डिस्क प्रयोगशाळेत पाठवा, दीड-दोन महिने लागतील, खात्री नाही.

तासभर मी त्या खोलीत बसून राहिले. लपवता आलं असतं. मामा आठ दिवसांनी जाणारच होते. पण त्यांनी मला विचारलं होतं, ठेवणार कुठं म्हणून. शेवटी उठले, शॉपवर गेले आणि मशीनच्या गोंगाटात त्यांना सगळं सांगून टाकलं.

मामांनी ऐकून घेतलं. "म्हंजी माज्याच हातानं मी माजा आवाज बंद केला, त्योबी हळद-कुंकू लावून."

"चूक माझी आहे, मामा. मी करायला लावलं."

"त्ये हायच," मामा म्हणाले. दिलासा वगैरे त्यांनी काही दिला नाही. टेबलावरचा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि चालायला लागले.

खोलीत येऊन त्यांनी तीनही डिस्कना आळीपाळीने टोक टेकवलं, मूठ कानाशी धरली. मी वीज चालू-बंद करून देत होते. पहिलीला ते म्हणाले, "ह्यो टकटक करतोय. गेला." दुसरीला बराच वेळ थांबले. "ह्येच्यात जीवच न्हाय." तिसरीपाशी त्यांनी डोळे मिटले आणि टोक जरा सरकवून पुन्हा टेकवलं.

"ह्यो जित्ता हाय. उठायला बघतोय, पर आतनं चिकटलाय."

डिस्क मी बाहेर काढून दिली. मामांनी ती दोन्ही तळव्यांत धरली आणि पाखरू धरल्यासारखी ऊब देत बसले. मग आडवी धरून मनगटाला एक बारीक, झटक्याचा पीळ दिला. माझ्या पुस्तकांत असलं काही करायचं नाही, असं ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. मी तोंड मिटून उभी होते. "लावा," मामा म्हणाले. लावली. एक सेकंद काही नाही. मग एक बारीक सूर निघाला, तो चढत गेला, आणि दहावा दिवा हिरवा झाला.

मी रडले. सरळ सांगते, रडले. मामा म्हणाले, "आदी हलवा, मंग रडा."

व्हिडिओ धाकट्यात उतरवायला चार तास लागणार होते. मामा जायला तयार नव्हते. मी त्यांना खुर्ची दिली, माझा स्वेटर दिला, दोघांनी दाराबाहेर जाऊन आळीपाळीने चहा घेतला. पडद्यावर यादी सरकत होती. एकेक व्हिडिओ उतरला, की त्याच्यापुढे बरोबरची खूण उमटायची. मी अगदी हवेत होते. काय वाचवलं मी! म्हणजे आम्ही!

"ही कसली रांग?" मामांनी पडद्याच्या उजव्या कडेला बोट ठेवलं.

"ती? शेवटचं कधी उघडलं, त्याची तारीख."

मी हे बोलून गेले, आणि मग मीही ती रांग पहिल्यांदाच वाचली. मामांचं बोट वरून खाली सावकाश सरकत होतं.

"ह्या तर मी बोललो त्याच तारखा."

"हो."

"समद्या?"

पहिल्या व्हिडिओपुढे फक्त एक दिवस पुढची तारीख होती. ती माझीच. चार दिवस मला एकही फोन का आला नाही, ते मला तेव्हा कळलं. मी खोटं बोलू शकले असते. कॉम्प्युटर कधी कधी तारीख लिहीत नाही, असं म्हटलं असतं, तरी मामांनी ऐकलं असतं. पण झालं तेवढंच एका दिवसाला पुरे होतं.

"कुणी उघडले नाहीत, मामा," मी म्हणाले. "मीही फक्त पहिला, तोही थोडासाच."

मामा खुर्चीत मागे टेकले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"माज्या डोक्यात व्हतं तवर रोज कोण ना कोण इचारायला यायचं," ते म्हणाले. "तुमच्या डब्यात गेल्यापासनं कुणी येत न्हाय. चहाला एकटाच असतो. मला वाटायचं, बघून शिकत असत्याल. म्हंजी बरंच झालं, म्हणायचो."

पडद्यावर शंभर टक्के आलं. दोघांनीही ते बघितलं. मामा उठले, स्वेटर घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि कामावर गेले.

मी स्वेटर अंगावर चढवला. मग कारखान्यातल्या सगळ्यांना एक ईमेल लिहिली, आणि शॉपवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लावलीही. 'तांत्रिक बिघाडामुळे मामांचे व्हिडिओ महिनाअखेरपर्यंत बंद राहतील. तोवर ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी मामांना प्रत्यक्ष भेटावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' आणि मामांच्या फोल्डरला मी माझ्या हाताने कुलूप घातलं.

पुणेकराला एखादी गोष्ट उपलब्ध आहे म्हणून सांगा, तो ढुंकून बघणार नाही. बंद आहे म्हणा, लगेच त्याचं काम अडतं. संध्याकाळपर्यंत मला अकरा फोन आले. वर्षभर न उघडलेल्या व्हिडिओंसाठी लोक माझ्यावर चिडत होते. "असं कसं बंद ठेवता?" "आम्ही आजच बघणार होतो!" मी प्रत्येकाला कोरडेपणाने म्हणाले, "फळा वाचा." दुसऱ्या दिवशी चहाला मामांच्या टेबलाशी चौघं होते, तिसऱ्या दिवशी सात-आठ. एक ऑपरेटर तर वही घेऊन आला होता. मी लांबून बघत होते. मामा कुणावर तरी खेकसत होते, "कण्हतंय का शिट्टी मारतंय?"

शेवटच्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली. मामा सगळ्यांचा निरोप घेत माझ्यापाशी आले. भोवती बरीच माणसं होती.

"ताई, ती फायल अजून चालू न्हाय झाली ना?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"नाही हो मामा. फारच किचकट बिघाड आहे."

मामांनी मान हलवली. "असू द्या," ते म्हणाले. "मी उद्यापास्नं घरीच हाय. घाई नका करू."